गांधर्वच्या परीक्षेचा निकाल संमिश्र लागला, आता वर्ग कसा सांभाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात चार वर्षं गायनाचा वर्ग घेणाऱ्या ताईंनी या वेळी पहिल्यांदाच नऊ मुलं एकदम गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या शास्त्रीय गायनाच्या परीक्षेला बसवली. दोघींना विशेष योग्यता, चौघांना प्रथम श्रेणी, दोन मुलग्यांना द्वितीय, आणि ‘प्रवेशिका पूर्ण’ या परीक्षेला बसलेली एक मुलगी शास्त्राच्या, म्हणजे संगीतशास्त्राच्या लेखी पेपरात नापास. भजनी घरातला, सगळ्यात सुरेल गळ्याचा मुलगा द्वितीय श्रेणीत आणि ‘नुसती घोकून म्हणणारी’ मुलगी विशेष योग्यतेत, हे त्यांना पचत नाहीये. दोन पालकांनी वर्ग बदलायची भाषा केली आहे. मी कुठे कमी पडले, पालकांना काय सांगू, पुढच्या सत्राला कोणाला बसवू, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

ताई, मी मालवणला शिकवते आणि बरीच वर्षं परीक्षा केंद्रावर पेटीच्या साथीलाही बसते. त्यामुळे परीक्षकासमोर मुलाचं काय होतं ते मला आतून दिसतं. त्या खोलीबाहेर वाट बघणाऱ्या शिक्षकाला ते दिसत नाही, आणि निकालाच्या कागदावर तर त्यातलं काहीच उमटत नाही. तिथे क्रियात्मकचा, म्हणजे गाऊन दाखवण्याचा, एक आकडा असतो आणि लेखी असेल तर शास्त्राचा दुसरा. एवढ्यावरून ‘मी कमी पडले’ असा निष्कर्ष काढू नका.

आधी एक काम करा. वहीत नऊ नावं एकाखाली एक लिहा. पुढे रकाने पाडा: बंदिश, आलाप-ताना, रागओळख, रागाची माहिती, हातावर ताल, आणि ज्यांना लेखी होतं त्यांच्यासाठी शास्त्र. मग मुलांना एकेकटं बोलावून विचारा, आत काय विचारलं, कुठे अडलात. निकाल लागून गेला तरी मुलांना ते शब्दन् शब्द आठवत असतं, कारण एसटीतून घरी येताना त्यांनी तेच एकमेकांना सांगितलेलं असतं. अडलेल्या जागी फुली मारा. आणि मग तो तक्ता आडवा वाचू नका, उभा वाचा. आडवं वाचलंत तर एकेक मूल दिसेल. उभं वाचलंत तर तुमचा वर्ग दिसेल. एका रकान्यात पाच-सहा फुल्या एकाखाली एक आल्या तर तो धडा तुमच्याकडून निसटला आहे. फुल्या इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर ती ज्याची त्याची गोष्ट आहे, त्याचा ठपका स्वतःवर घेऊ नका.

एकाखाली एक फुल्या कशा येतात, त्याचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण दुगुनीचं, म्हणजे हातावर ताल धरून त्याचे बोल दुप्पट लयीत म्हणण्याचं आहे. तालाच्या एका फेरीत, म्हणजे आवर्तनात, दुगुन एकदाच म्हणायची असेल तर ती तालाच्या मध्यावरून उचलावी लागते. तीनतालात नवव्या मात्रेपासून, झपतालात सहाव्यापासून, दादऱ्यात चौथ्यापासून. या तिन्ही ठिकाणी नेमकी खाली (टाळी न देता हात बाजूला न्यायची मात्रा) येते, म्हणून आपण घाईत सांगून टाकतो, ‘खालीपासून दुगुन सुरू करा.’ मुलं तेच पाठ करतात. मग परीक्षक एकताल विचारतात. एकतालात खाली दोन, तिसऱ्या मात्रेला आणि सातव्या मात्रेला. मूल तिसऱ्या मात्रेवर दुगुन उचलतं, समेच्या, म्हणजे पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेच्या, चार मात्रा आधीच संपवतं आणि हात हवेत ठेवून परीक्षकांकडे बघत बसतं. रूपकात तर समेलाच खाली, आणि दुगुन येते साडेतीन मात्रा सोडून. तिथे तो नियम पुरताच कोलमडतो. एका वर्गातल्या लागोपाठ चार मुलांनी एकताल असाच चुकवला, तर पेटीवर बसलेल्या मला तिसऱ्या मुलाच्या वेळीच कळतं, की बाईंनी काय सांगितलं असेल. उपाय सोपा आहे. खालीचं नाव काढू नका. एकूण मात्रांच्या निम्म्या सोडा आणि तिथून पुढे उचला, एवढंच सांगा आणि रोज हातावर करून घ्या.

आता पेटीबद्दल, कारण याकडे कोणी बघत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेनं पेटीचे सूर गंजतात. चार पावसाळे काढलेल्या पेटीत एखादी निषाद किंवा गंधाराची पट्टी कणभर उतरलेली असते. रोज ऐकून आपल्या कानाला ती खटकत नाही, आणि मुलांना तर तीच खरी वाटते. केंद्रावरची पेटी नीट लावलेली असली की ही मुलं तिथे नेमक्या त्या सुराला बेसूर लागतात. शेरा मिळतो ‘स्वर स्थिर नाही’. तुमच्या तक्त्यात एकाच रागाच्या एकाच जागी तीन-चार मुलं घसरलेली दिसली, तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावा आणि आधी पेटी तपासा. पेटी लावून घ्यायला जो खर्च येईल तो फीतून वेगळा काढून ठेवायची सवय लावा, दर पावसाळ्यानंतर तो येणारच आहे.

आता त्या भजनी मुलाकडे येते. तुमचा सगळा जीव त्याच्यात अडकलाय, हे प्रश्नावरूनच कळतं.

अशी मुलं मला दर सत्राला दिसतात. पाचवी-सहावीपासून बुवांच्या मागे कोरसला बसलेली. गजर वर नेताना ज्यांचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, तुमच्या-माझ्यापेक्षा निर्धास्त लागतो. आत येतात, बंदिश सुरू करतात, पहिल्या दोन ओळींतच परीक्षक मान वर करून बघतात, इतका सूर पक्का. मग परीक्षक म्हणतात, भीमपलास रागाचा आरोह, म्हणजे चढते स्वर, म्हण. मुलगा गप्प. वादी-संवादी, म्हणजे रागातले मुख्य दोन स्वर? गप्प. भीमपलास म्हणता म्हणता वर जाताना ‘म ध नि सां’ करून मोकळा होतो. भजनात ते कोणी हटकलेलं नसतं, पण धैवत आरोहात घेतला की भीमपलास सुटला आणि मुलगा बागेश्री या दुसऱ्या रागाच्या वाटेला लागला, हे परीक्षकाला ऐकू येतंच. त्या खोलीत त्यांच्या हातात थोडा वेळ आणि ठरलेला अभ्यासक्रम असतो. गळ्याला ते दाद देतील, गुणही देतील, पण माहितीचे आणि रागशुद्धतेचे गुण गळ्याकडे बघून देता येत नाहीत. द्वितीय श्रेणी ही त्या मुलाच्या गाण्याची किंमत नाही हे खरं. परीक्षकांनी अन्याय केला असंही मला वाटत नाही.

या परीक्षा मुळात कशासाठी निघाल्या तेही लक्षात घ्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं चार भिंतींच्या वर्गात, ठरलेल्या क्रमानं, कोणत्याही घरातल्या मुलामुलींना शिकवता यावं म्हणून. त्यांच्या पश्चात 1931 मध्ये शिष्यांनी मंडळ उभं केलं आणि परीक्षांची शिडी पक्की होत गेली. त्यामुळे वर्गात शिकवून जे येतं ते ही परीक्षा चांगलं मोजते. देवळात रात्रभर बसून जे येतं ते तिच्या कागदात बसत नाही. बसायला हवं होतं असं माझं मत आहे, पण तो वाद तुमच्या या मुलाच्या उपयोगाचा नाही.

त्याच्या उपयोगाचं काय, तर जे तो आधीच गातो त्याला नावं द्या. पुस्तकातून सुरुवात करू नका. त्याला म्हणा, तुझ्या मंडळातला कुठलाही अभंग म्हण. म्हटला की विचारा, यात कुठला स्वर अजिबात आला नाही? पेटीवर शोधायला लावा. मध्यम-निषाद नसलेली एखादी चाल सापडली की भूप हे रागाचं नाव तेव्हा सांगा, आरोह-अवरोह त्याच्याच चालीतून काढून घ्या. भजन संपवताना भैरवी घेतात हे त्याला माहीतच असतं, मग भैरवीत कोमल कोणते ते त्याच्याकडूनच वदवा. अशा मुलांना आरोह-अवरोह पाठ करायचा कंटाळा असतो, पण ‘आपल्या बुवांनी काल कुठला स्वर लावला’ हे शोधायला ती रात्रीही जागतात. आणि एक विनंती, त्याला भजनाला जाऊ नको म्हणू नका. काही शिक्षक सांगतात, ‘आवाज खराब होतो, ढंग बिघडतो.’ गणपतीत आरत्यांनी सगळ्या कोकणाचाच घसा बसतो, तो दिवाळीपर्यंत ताळ्यावर येतो. भजन सुटलं तर त्या मुलाचं गाण्यातलं पाणीच आटेल, आणि मग परीक्षेत गुण वाढले तरी त्याचा काय उपयोग?

दुसरा द्वितीय श्रेणीवाला मुलगा किती वर्षांचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आठवी-नववीतला असेल तर आधी त्याचा आवाज फुटतोय का बघा. मुलगे लाजेनं सांगत नाहीत. खुणा सोप्या असतात: बोलताना मध्येच आवाज चिरकतो, गेल्या सत्राला सहज लागणारा तार सप्तकातला गंधार आता ओढून लावावा लागतो, आणि मंद्रात, खालच्या सप्तकात, मात्र नव्यानं एखादा स्वर सापडू लागतो. अशा मुलाला जुन्याच पट्टीत, म्हणजे पेटीची काळी चार ही पट्टी सा धरून, मुलींबरोबर गायला बसवलं, की केंद्रावर तो वरच्या प्रत्येक जागेला फाटणार. त्याची पट्टी दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासत खाली आणत जा. लवकर काळी एक किंवा पांढरी एकपर्यंत उतरला तरी घाबरू नका. गाणं थांबवू नका, पण जोर देऊन गायला लावू नका. मंद्र-मध्य सप्तकात खर्ज, अलंकार, संथ आलाप एवढंच. ते वर्ष तबला किंवा पेटी हातात द्यावी, तालाचा रकाना आपोआप सुधारतो. आणि त्या काळात परीक्षेचा फॉर्म भरू नका. वर्ष वाया गेलं असं पालकांना वाटेल, पण फुटत्या आवाजात दोन परीक्षा रेटून ‘मला गाणं येत नाही’ असा ग्रह करून घेतलेली आणि वर्ग सोडलेली मुलं मला जास्त माहीत आहेत.

नापास मुलीबद्दल. प्रवेशिका पूर्णपासून लेखी सुरू होतं, आणि लेखी-क्रियात्मक दोन्हींत स्वतंत्र उत्तीर्ण व्हावं लागतं. म्हणजे ती गाण्यात नापास नाही, हे तिला आणि तिच्या आईला पहिल्यांदा, मोठ्यानं, दोघी समोर असताना सांगा. मग तिची शास्त्राची वही मागवा आणि स्वरलिपीचं, म्हणजे बंदिश खुणांनी लिहायचं, पान उघडा. माझा अंदाज आहे की गोंधळ तिथे सापडेल, कारण लिहायच्या दोन पद्धती आहेत. पलुस्कर पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू असेल तर तो मंद्र, आणि तार स्वराला वर उभी रेघ. भातखंडे पद्धतीत बिंदू खाली तर मंद्र, डोक्यावर तर तार. म्हणजे डोक्यावर बिंदू दिलेला ‘सा’ एका पद्धतीत खालचा आणि दुसरीत वरचा. समेला एकीकडे 1 लिहितात, दुसरीकडे ×. खालीला एकीकडे +, दुसरीकडे 0. मुलीनं बंदिशीचे स्वर एका पुस्तकातून आणि तालाच्या खुणा दुसऱ्या पुस्तकातून उतरवल्या असतील, तर तपासणाऱ्याला ती बंदिश वाचताच येणार नाही. घरात एकाच पद्धतीची पुस्तकं ठेवा, दुसरी पद्धत फक्त ‘फरक सांगा’ या प्रश्नापुरती शिकवा. इंग्रजी माध्यमातली असेल तर व्याख्या तिच्याकडून आधी तोंडी, तिच्या शब्दांत सांगून घ्या, मग लिहायला लावा. फक्त वाचून पाठ केलेली ‘आश्रय राग’ची व्याख्या पेपरात अर्धीच उतरते. लेखीच्या गुणपडताळणीबद्दल आणि पुन्हा बसताना काय काय द्यावं लागेल याबद्दल केंद्रव्यवस्थापकांना लगेच विचारा, अशा अर्जांना मुदत असते. क्रियात्मकचं मात्र पुन्हा तपासायला काही उरलेलंच नसतं.

घोकणाऱ्या मुलीला तुम्ही जरा कमी लेखताय, असं मला तुमचा प्रश्न वाचताना वाटलं. खालच्या परीक्षांत ठरलेलं नीट, न विसरता, वेळेत म्हणणं हेच तर मागितलेलं असतं, आणि ते तिनं केलं. तिची खरी परीक्षा ‘मध्यमा’ या वरच्या परीक्षेनंतर, जिथे लिहून दिलेले आलाप पुरत नाहीत आणि स्वतःची बढत करावी लागते, म्हणजे राग आपल्या मनानं फुलवावा लागतो. तिला आत्तापासून रोज एक आलाप असा करायला लावा जो वहीत नाही. पहिले काही आठवडे ती रडकुंडीला येईल. विशेष योग्यता मिळालेली मुलं पुढे अचानक का गळतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

पालकांचं. माझ्याकडेही निकालानंतर एक वडील आले होते, दारातूनच म्हणाले, ‘बाई, माझ्या झिलाचा काय चुकला ता सांगा.’ त्यांना ‘परीक्षा हे सर्वस्व नाही’ वगैरे सांगून चालत नाही. त्यांनी फी भरलेली असते, केंद्रावर जायचा खर्च केलेला असतो, दिवसाची मजुरी बुडवलेली असते. त्यांना नेमकं काय चुकलं तेच ऐकायचं असतं. म्हणून तो तक्ता लागतो. ‘बंदिश उत्तम झाली, रागाची माहिती येईना, एकतालाची दुगुन चुकली, पुढचे तीन महिने यावर काम करू’, एवढं वहीत दाखवून सांगितलंत की दहापैकी आठ पालक शांत होतात. दुसऱ्या मुलाशी तुलना करायला लागले तर तिथेच थांबवा: ‘तिच्याबद्दल मी तिच्या आईशी बोलेन.’ ज्यांचं लक्ष दहावीच्या वाढीव गुणांवर आहे त्यांना सांगा, की तिथे परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र बघतात, द्वितीय श्रेणीनं त्यांचं काही बुडालेलं नाही. कित्येकांची अर्धी चिंता तिथेच मिटते. एवढं करूनही जे वर्ग बदलतील त्यांना जाऊ द्या, आणि नव्या शिक्षकांना देण्यासाठी मुलाची पट्टी, झालेले राग आणि अडलेल्या जागा एका कागदावर लिहून द्या. गावं लहान आहेत, ती माणसं पुन्हा भेटतात.

आणि निकालाची यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. बाजारपेठेत फ्लेक्स तर मुळीच नको. दोन चेहऱ्यांचा ‘हार्दिक अभिनंदन’ लागला की उरलेल्या सातांच्या घरी त्या दिवशी काय बोलणं होतं, त्याची कल्पना करा. त्यातून नवी मुलं येतात हे मला माहीत आहे. पण निकालाच्या फ्लेक्सवर आलेला पालक निकालावरच जातो. त्यापेक्षा कोजागिरीला किंवा गावच्या जत्रेत नऊच्या नऊ मुलांना एकेक चीज गायला बसवा. तिथे तुमचा भजनी मुलगा काय आहे ते गावाला आपोआप कळेल, तुम्हाला कोणाला पटवत बसावं लागणार नाही.

परीक्षकांचं एक सांगते आणि सोडते. सगळे सारखे नसतात. एकदा सकाळपासून मुलं ऐकून थकलेले एक परीक्षक संध्याकाळच्या मुलांना स्थायीच्या, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाच्या, पुढे गाऊच देत नव्हते. असं घडतं. पण ते तुमच्या हातात नाही, आणि मुलांसमोर परीक्षकाला नावं ठेवलीत तर पुढच्या प्रत्येक कमी गुणाला त्यांच्याकडे तयार उत्तर असेल.

आता पुढच्या सत्राचं, आणि माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ इथेच आहे. नऊ मुलं एकाच वर्षी वर्गात आली म्हणून नऊ फॉर्म एकदम भरले गेले, बरोबर? संमिश्र निकाल तिथेच ठरला होता. वर्गाची तुकडी असते, परीक्षेची नसते. फॉर्म भरायच्या आधी प्रत्येकाला अनोळखी माणसासमोर, अनोळखी पेटीवर पूर्ण परीक्षा द्यायला लावा. शेजारच्या गावातल्या शिक्षकाला बोलवा, तुम्ही त्यांच्या मुलांना ऐका. जो त्यात निवांत पास होतो तोच फॉर्म भरेल. बाकीचे पुढच्या सत्राला. पालकांना हे जूनमध्येच, वर्ग सुरू होतानाच सांगून ठेवा.

सत्र निवडतानाही कोकण लक्षात घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राआधी गणपती, नवरात्र, भातकापणी, दिवाळी. मुलं सलग महिनाभर मिळतच नाहीत. एप्रिल-मेला शाळेची वार्षिक परीक्षा आणि आंब्याचा हंगाम, पेट्या भरायला घरात प्रत्येक हात लागतो. बागायतदारांच्या मुलांना मी हिवाळी सत्राला बसवते, भजनी मुलांना उन्हाळी. तुमच्या नऊ जणांत नापास मुलीला लेखीची तयारी झाली की येत्या सत्राला बसवा, तिनं लांबवलं तर ती सोडून देईल. विशेष योग्यतेच्या दोघींना एक सत्र थांबवा, पुढच्या परीक्षेचे राग भरपूर गाऊ द्या. प्रथम श्रेणीतल्या चौघांचं चाचणी ऐकून ठरवा. दुसऱ्या मुलग्याचं त्याच्या आवाजावर. आणि भजनी मुलगा उन्हाळ्यात, जर तोवर त्यानं स्वतःहून येऊन सांगितलं की अमुक अभंग अमुक रागात आहे. नाही सांगितलं तर आणखी सहा महिने, काही बिघडत नाही.